इनुकाई गोन्झोचे तारे

चिहो झोपली की तोमोए गोन्झो व्हायची.

भोपळा कुस्करून कालवलेला मऊ भात लेकीच्या गालावर अजून सुकत असायचा. तो पुसायला गेलं तर ती जागी होईल, म्हणून तोमोए तसाच राहू द्यायची. चटईवर आडवी होऊन पाठीवर थोपटत राहायची. श्वास लांब झाला की हात हळूच काढून घ्यायचा, बाल्कनीच्या काचेचा पडदा ओढायचा, कानांवर हेडफोन चढवायचे आणि तपकिरी पाकिटातली कॅसेट यंत्रात सरकवायची. चिहोची एक झोप म्हणजे एक चित्रपट. जमलं तर.

इनुकाई गोन्झो हे नाव तिचं नव्हतं. तसं ते कुणाचंच नव्हतं, मासिकाच्या मालकीचं होतं. गोन्झो म्हणजे पन्नाशी उलटलेला, बायको सोडून गेलेला, तोंडाने फाटका पण मनाने हळवा असा फिरता विक्रेता. दरमहा तो प्रौढांच्या चित्रपटांची परीक्षणं लिहायचा. तोमोएच्या आधी दोघांनी हा गोन्झो चालवला. एकाचं यकृत गेलं, दुसरा विमा विकायला गेला. उरलेला गोन्झो तोमोएच्या पदरात पडला.

लग्नाआधी ती त्याच प्रकाशनात खालच्या मजल्यावर, मासेमारीच्या मासिकात मुद्रितं तपासायची. वरच्या मजल्यावर हे दुसरं मासिक. नवऱ्याची सेन्दाईला बदली झाली, तो तिकडे एकटा राहायला गेला, पाळणाघरात जागा मिळेना, तेव्हा घरबसल्या करता येईल असं काम तिने मागितलं आणि वरच्या मजल्याचं मिळालं. घरी मात्र सगळे समजत होते, सूनबाई अजून मासळीच्याच मासिकात आहेत.

"यंदा ट्राउट कसा आहे गं?" सासूबाई फोनवर विचारायच्या.

"बरा आहे, आई. जरा उशिरा लागतोय गळाला."

"दमू नकोस हो. मासे काय, पळून जात नाहीत."

संपादक कुरोइवा-सान साठीच्या घरातले. मळकट कार्डिगन, खिशात पोटदुखीच्या गोळ्या. पहिल्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवून जवाचा थंड चहा दिला होता.

"तोमोए-सान, पहिला धडा. पूर्ण बघायचं नाही. खोक्यावरचा मजकूर वाचायचा, कॅसेट पळवायची, तीन ठिकाणी थांबायचं. पूर्ण बघणारा माणूस या धंद्यात टिकत नाही."

"आणि सुरुवातीची मुलाखत?"

"मुलाखत?" ते हसले. "छंद काय, आवडता पदार्थ काय, तीच ना? ती घेणारासुद्धा ऐकत नसतो. पुढे. तारे. पाच तारे जाहिरात देणाऱ्यांना. तीन तारे म्हणजे काहीच न म्हणणं. वाचणाऱ्याची नजर तीनवर ठरत नाही. आणि एक तारा दर अंकात एकालाच, 'कडू कोपरा' या सदरात. एखादा चित्रपट तरी झोडपावा लागतो, नाहीतर बाकीच्यांच्या पाच ताऱ्यांवर विश्वास कोण ठेवणार?"

"कुणाला झोडपायचं हे कसं ठरवायचं?"

"ज्याच्यासाठी कुणी फोन करून भांडणार नाही, त्याला."

तोमोए नवखी होती, म्हणून ती पूर्ण बघायची. पळवायचं बटण दाबायला तिचा हात धजत नसे. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला ओळ सोडता येत नाही, तसंच ते. शिवाय तिला मुलाखतीच आवडायच्या. पुढचं सगळं कायद्याने धूसर चौकोनांखाली झाकलेलं असायचं, चेहरा तेवढा कायदा झाकत नसे. सोफ्यावर ताठ बसलेली कुणी मुलगी म्हणायची, मला कोथिंबीर आवडत नाही. कुणी म्हणायची, मला बस चालवायची होती. तोमोए मनात म्हणायची, अगं मग चालव ना.

शिओरी आमानोची पहिली कॅसेट अशीच आली. तेवीस वर्षांची. नाव अर्थातच पडद्यावरचं. पण खोक्यावर ते एकटंच, मोठ्या अक्षरांत छापलेलं. या धंद्यात जिचं नाव खोक्यावर एकटं छापलं जातं, तिला जरा मान असतो.

"छंद?" कॅमेऱ्यामागचा आवाज.

"विणकाम. गळपट्टा विणतेय. मांजरीच्या रंगाचा."

"कुठल्या मांजरीच्या?"

"घरी होती. आता नाही." आणि ती हसली. बोलताना तिची बोटं बाहीची कड दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती. चिहो झोपण्याआधी चादरीची कड अशीच दुमडते.

चित्रपट बराच पुढे गेल्यावर दृश्यात आणखी एक पुरुष आला. मग आणखी एक. शिओरीने मान वळवली. तिने कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणाकडे तरी पाहिलं आणि मुलाखतीतल्याच साध्या आवाजात म्हणाली, "हे सांगितलं नव्हतं." दृश्य तुटलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा ती रडत होती, आणि हे कुणाला थांबवावंसं वाटलं नव्हतं.

तोमोएने हेडफोन काढले. खोलीत फक्त चिहोचं घोरणं, बारीक, मांजरीसारखं. तिने त्याच बैठकीत लिहिलं. गोन्झोचा फाटका आवाज राहिला बाजूला. तिने लिहिलं की या मुलीला न सांगता काहीतरी केलं गेलं आहे, ते बघवत नाही, हे अश्रू खरे आहेत, आणि गळपट्टा विणणाऱ्या त्या बोटांना घरी जाऊ द्या. तारा एकही दिला नाही.

अंक आला. पान उघडल्यावर तिला आधी स्वतःची वाक्यं ओळखू आली नाहीत. 'हे सांगितलं नव्हतं!' हा मथळा. खाली जाड ठशात: 'बघवत नाही! हे अश्रू खरे आहेत! – इनुकाई गोन्झो.' पाच तारे. गळपट्ट्याची ओळ तेवढी जशीच्या तशी ठेवली होती, शेवटी, चवीपुरती.

तिने फोन लावला. चिहो कडेवर होती आणि फोनची वायर चोखत होती.

"कुरोइवा-सान, मी ते वाईट म्हणून लिहिलं होतं."

"माहीत आहे. फार सुंदर लिहिलंत. गोन्झोला इतक्या वर्षांत असा सूर लागला नव्हता."

"ती खरंच रडतेय."

"म्हणूनच तर."

"लोकांनी बघू नये म्हणून लिहिलं होतं मी!"

पलीकडे गोळीचा कागद फाटल्याचा आवाज आला. "तोमोए-सान, हा धडा द्यायचा राहिला होता. या धंद्यात निंदेलाही गिऱ्हाईक असतं. 'क्रूर' म्हणा, विकतं. 'किळसवाणं' म्हणा, रांग लागते. एकच शब्द आहे ज्याने माल पडून राहतो."

"कुठला?"

"कंटाळवाणं," कुरोइवा-सान म्हणाले. "बाळ रडतंय वाटतं. घ्या त्याला."

बाळ रडत नव्हतं.

शिनजुकूच्या एका कॅसेटच्या दुकानात शिओरी आमानो सही द्यायला येणार असल्याची जाहिरात त्याच अंकात होती. रविवारी दुपारी तोमोए चिहोला पाठुंगळी बांधून रांगेत उभी राहिली. पुढेमागे सगळे पुरुष, हातात खोकी. तिच्याकडे पाहून ते बाजूला सरत होते. देवळात लेकुरवाळीला वाट द्यावी तसे.

टेबलामागे शिओरी, आणि तिच्या शेजारी घड्याळ बघणारा एक माणूस. चिहोला पाहताच शिओरी खुर्चीतून अर्धी उठली.

"अय्या! गाल बघा! नाव काय हिचं?"

"चिहो."

"चिहो-चान, भात सांडलाय गं तुझ्या गालावर." तिने अंगठ्याने तो सुका कण अलगद काढला. तोमोएला जे कधी जमलं नव्हतं ते असं सहज. चिहो रडलीही नाही. "बाबांसाठी सही हवीय का, ताई?"

"नाही. मला... तुम्ही बऱ्या आहात का, एवढंच विचारायचं होतं."

शिओरीने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तो मागच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. ती पुढे झुकली. "तुम्ही पाहिलात? बायका पाहतात?"

"पाहिला. पूर्ण."

"मग कळलं असेल." ती हसली. मुलाखतीतलंच हसू. "आता दुसरा भाग करायचाय. तसाच, पण जास्त. एका म्हाताऱ्याने परीक्षण लिहिलंय ना, ते वाचून सगळे तेच मागतात म्हणे. 'तू रडलीस की चालतं,' असं सांगतात मला. रडायचं कसं ठरवून, हे मात्र सांगत नाहीत."

तोमोएने पाठीवरच्या चिहोला जरा वर सरकवलं. "कोण म्हातारा?"

"इनुकाई गोन्झो-सान. खरं तर माझा राग नाही त्यांच्यावर. माझ्या गळपट्ट्याबद्दल लिहिणारे ते एकटेच. वडिलांसारखे वाटले. ते पान मी फाडून सुयांच्या पिशवीत ठेवलंय." मग खालच्या आवाजात, "दुसरा भाग चालला नाही ना, तर बरं होईल. मग कुणी मागणार नाही."

"चला, पुढचे," घड्याळवाला म्हणाला.

"बाय-बाय, चिहो-चान."

दुसऱ्या भागाच्या खोक्यावर गोन्झोचं वाक्य छापलेलं होतं. 'हे अश्रू खरे आहेत!' तिच्या हातचं वाक्य, सोनेरी अक्षरांत, शिओरीच्या चेहऱ्याला घासून. तोमोएने कॅसेट पूर्ण पाहिली. काय पाहिलं ते तिने कागदावर उतरवलं नाही. तिला एकच शब्द लिहायचा होता, आणि तो पटेल असा लिहायचा होता.

तो लिहिणं सर्वांत जड गेलं. चिहो झोपेत हुंकारत होती, आणि तिच्या उशाशी बसून आई लिहीत होती: ही आमानो पुन्हा तेच करते. तोच चेहरा, तीच मान वळवणं. लाकडासारखी मुलगी, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. गोन्झोला मध्येच डुलकी लागली. प्रत्येक वाक्यागणिक ती मनात म्हणत होती, जा गं, घरी जा. आणखी एक धक्का, मग सुटशील. अंगाई म्हणावी तशी तिने ती नालस्ती लिहिली. शेवटी लिहिलं: कंटाळवाणं. एक तारा.

"कडू कोपऱ्यासाठी?" कुरोइवा-सान फोनवर म्हणाले. "खोक्यावर आपल्याच गोन्झोचं नाव आहे, बाई."

"म्हणूनच. त्याने स्वतःचेच शब्द गिळले तर लोक बाकीच्या पाचांवर जास्त विश्वास ठेवतील. कंपनी भांडेल का?"

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. "नाही. या महिन्यात त्यांच्याच दुसऱ्या एका नटीचा चित्रपट पाच ताऱ्यांत आहे. भांडणार नाहीत." मग म्हणाले, "तुम्ही शिकलात, तोमोए-सान. इतक्या लवकर कुणी शिकत नाही." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. थोडी कीवही असेल.

दुसरा भाग चालला नाही. दुकानांतून परत आला. तिसरा निघाला नाही. जाहिरातींतून शिओरी आमानोचं नाव गेलं. तोमोएने त्या आठवड्यात चिहोसाठी गोड रताळं भाजलं, आणि सासूबाईंनी ट्राउटचं विचारल्यावर म्हणाली, "एक मोठा गळातून सोडवला, आई. पाण्यात परत गेला."

"सोडला? अगं, खायचा ना!"

कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या फाटकाशी हायड्रेंजियाची फुलं करपेपर्यंत तिला तसंच वाटत होतं.

मग एके दिवशी पाकिटात एक स्वस्त कॅसेट आली. खोक्यावर नाव नाही, फक्त 'नऊजणी' आणि एक आकडा. तिने यंत्रात घातली आणि सवयीने मुलाखतीची वाट पाहत बसली. मुलाखत नव्हतीच. तिला वाटलं, फीत पुढे सरकलेली असेल. मागे नेली. पहिल्याच दृश्यात भिंतीला टेकून रांगेत उभ्या नऊ मुली. डावीकडून तिसरी हाताने बाहीची कड चाचपत होती. बाही नव्हती. बोटं हवाच दुमडत होती.

तोमोएने कुरोइवा-सानना फोन केला.

"हो, तीच असेल," ते म्हणाले. "एकट्या नावावर चालेना झाली की रांगेत जातात. आता कंपनी तिला महिन्याला एक चित्रपट नाही, आठवड्याला एक देणार. आणि रांगेतल्यांना आधी काही सांगत नाहीत, विचारत तर त्याहून नाहीत. मुलाखत कशाला?"

"ती घरी का गेली नाही?"

"घर असतं तर आली असती का? तोमोए-सान, तुम्हाला काय वाटलं होतं, कडू कोपऱ्याला मागचं दार असतं?"

तिने फोन ठेवला. आतून चिहोने हाक मारली नव्हती, तरी ती जाऊन बघून आली. गालावर भाताचा कण होता. अंगठ्याने अलगद काढायला गेली, आणि पोरगी दचकून जागी झाली, रडायला लागली.

तिला मांडीवर घेऊन तोमोएने एकाच हाताने परीक्षण लिहिलं. एवढंच: 'डावीकडून तिसरी शिओरी आमानो. तिला विणकाम येतं. तिला विचारा.'

दुसऱ्या दिवशी कुरोइवा-सानचा फोन आला. आवाज मऊ होता.

"हे काढावं लागेल. रांगेतल्यांची नावं छापत नाहीत. कंपनीची अट असते. मजकूर मी खोक्यावरून उतरवून घेतो. तुम्ही फक्त तारे सांगा."

पाच दिले तर रांगेतल्या सगळ्यांना पुन्हा तेच. एक दिला तर यांच्याही खालची कुठली रांग असेल, ती तिला माहीत नव्हती. चिहो तिच्या ब्लाउजची कड मुठीत धरून दुमडत होती.

"तोमोए-सान? छपाईला द्यायचंय."

"तीन," ती म्हणाली.

"तीन," पलीकडे त्यांनी लिहून घेतलं.