सुकेशनी मॅडमच्या मैदानावरचा खांब

मी खांब बोलतोय, बास्केटबॉलचा. वाशिमच्या एका महिला महाविद्यालयाच्या मागच्या मैदानात एका टोकाला मी उभा आहे. डोक्याशी लाकडी फळी, फळीला लोखंडी रिंग. समोरच्या टोकाला माझा जोडीदार यायचा होता, तो काही आला नाही. त्यामुळे इथल्या मुली अर्ध्या मैदानावरच खेळ शिकल्या. स्पर्धेला गेल्या की पूर्ण मैदान धावताना त्यांना लवकर धाप लागायची.

माझा जन्म शेलूबाजारचा. मुळात मी बोअरचा पाइप. ज्या वावरात मला उतरवायचं होतं तिथं पाणी लागलंच नाही, म्हणून मी हायवेच्या कडेला पडून होतो. शालिग्राम वेल्डरनं मला उचललं, घासलं, वर वाकडा हात जोडला. जोडता जोडता त्यानं कॉलेजच्या शिपायाला विचारलं होतं की एवढ्या उंचावर पोरी फेकणार तरी काय? चेंडू, असं उत्तर आल्यावर तो हसला. पण जोड मात्र पक्का दिला. आजवर तो सुटलेला नाही.

सुकेशनी इथं पहिल्यांदा आली ती अकरावीत, अनसिंगहून एसटीनं. अंगानं उंच, खांदे पाडून चालणारी. उंचीची लाज वाटणाऱ्या मुली तशाच चालतात. माझ्याखाली उभी राहिली की मात्र तिचे खांदे आपोआप सरळ व्हायचे. पुढे ती अमरावतीला शिकायला गेली आणि गळ्यात शिट्टी घालून परत याच मैदानावर आली.

आली ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पगार, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं नेमणूक. मुख्य प्रशिक्षक म्हणून कारंजा लाडचे एक सर होते. ते स्पर्धेच्या दिवशी यायचे. पहाटेपासून मुलींना पळवायची, त्यांच्या घरी जाऊन बापांची समजूत काढायची, पाय मुरगळला तर रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची ती सुकेशनी. फोटोत मधोमध सर असायचे. ती कडेला, कधी कधी अर्धीच. उन्हाळ्यात इथं तिला काम नसायचं, म्हणून ती अकोल्याला लहान मुलांची शिबिरं घ्यायची आणि पाऊस सुरू झाला की परत यायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. सर निवृत्त झाले तेव्हा कुठे ती मुख्य प्रशिक्षक झाली. हार नाही, सत्कार नाही. त्या दिवशी ती एकटीच आली, शिडी लावून माझ्या रिंगला नवी जाळी बांधली आणि खाली उतरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पद मिळालं होतं, पण तास होते तेवढेच राहिले आणि मैदानही अर्धंच राहिलं.

माणसं दमली की बसतात. सुकेशनी मॅडम दमल्या की मैदान झाडायला घ्यायच्या. अलीकडे मैदान फार स्वच्छ राहू लागलं होतं.

संघातली सगळ्यात चांगली मुलगी रूपाली. तिचे आईबाप मंगरुळपीरकडच्या एका तांड्यावरचे, दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. गेल्या वर्षी ऐन स्पर्धांच्या हंगामात ते रूपालीलाही घेऊन गेले. तिला ठेवून जा म्हणायला मॅडम तांड्यावर दोनदा जाऊन आल्या होत्या, असं मुली म्हणत होत्या. तिच्याविना संघ पहिल्याच सामन्यात हरला.

यंदा गणपतीच्या सुमारास मॅडमना पुण्याच्या एका कॉलेजातून फोन आला. सहायक प्रशिक्षकाची जागा. हुद्दा एक पायरी खाली, पण नोकरी कायमची. दोन्ही टोकांना रिंग असलेलं मैदान, वर छप्पर. मॅडमनी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी प्राचार्यांना सांगितलं, तर ते म्हणाले की संधी चांगली आहे, घ्या. थांबा, असं कुणीच म्हणालं नाही. मला वाटतं, त्या शब्दाची त्या वाट बघत होत्या. ऐकला असता तरी गेल्या असत्या. पण ऐकायचा होता.

जाण्याचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात रामीबाई मैदानावर आली. रामीबाई म्हणजे रूपालीची आई. हातात कपड्यांची पिशवी. तिला पाहून मॅडमचा चेहरा उतरला. आता ही पोरीला न्यायला आली, असंच त्यांना वाटलं असणार. पण रामीबाईनं पिशवी माझ्या बुडाशी सिमेंटच्या ओट्यावर ठेवली.

"हे तिचे कपडे हायेत, मॅडम. यंदा नाई नेत आमी तिले. तुमी म्हटलं होतं न, ठिवून जा मनून? तं ठिवून चालली."

रूपाली दूर उभी राहून चेंडू नुसताच या हातातून त्या हातात करत होती. मॅडम जाणार हे तिला माहीत होतं. तिनं आईला सांगितलं नव्हतं.

"मावशी, मी पुन्याले चालली," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी."

रामीबाईनं पिशवीकडे पाहिलं, पण उचलली नाही. "तं मंग पोरीले कोनाच्या भरोशावर ठिवू? आमी तं तुमच्या भरोशावर आलो होतो."

मॅडम ओट्यावर बसल्या. या मैदानावर त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुण्याला फोन करून त्यांनी मुदत मागितली. पलीकडून नकार आला हे मला त्यांच्या 'बरं, बरं' वरूनच कळलं. वसतिगृहात विचारलं, तिथं जागा नव्हती. मग त्या हळूच म्हणाल्या, "अनसिंगले माही माय एकटीच रायते. तिच्याजवळ ठिवता का? एसटीनं येनंजानं करन ते. मी बी तसंच केलं होतं."

रामीबाईनं लगेच हो म्हटलं नाही. आधी म्हातारीला पाहीन, म्हणाली. दोघी रूपालीला घेऊन त्याच संध्याकाळी अनसिंगला गेल्या. सोमवारी मॅडम पुण्याला गेल्या, तेव्हा इकडे आल्या नाहीत. मी वाट पाहिली, एवढंच.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. मुलींना रूपालीच पळवते. सुरुवातीला ती रागात होती, चेंडू माझ्या फळीवर नुसता आपटायची. आता नेम धरते.

सोजरबाई, म्हणजे मॅडमची आई, जिच्याकडे रूपाली आता राहते, या मैदानावर कधी आली नव्हती. या खेळापायीच लेकीचं लग्न राहिलं, असं तिचं म्हणणं. परवा मात्र ती आली. रोज दिवेलागणीपर्यंत ही पोरगी करते तरी काय, ते बघायला. पदर सावरून ओट्यावर बसली आणि बराच वेळ टक लावून पाहत राहिली. रूपाली पाणी प्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "माही सुकेशनी बी असंच करे काय व?"

"याच्याहून चांगलं करे, आजी," रूपाली म्हणाली.

शेवटची एसटी निघायची वेळ झाली तरी म्हातारी उठेना. रूपालीनंच तिला हात धरून उठवलं.

काल ती पुन्हा आली होती.

मी गंजलोय, थोडा कललोय, रिंगही एका बाजूला झुकलीय. मला रंग नको, जोडीदार आता आला नाही तरी चालेल. तुम्ही या बाजूला आलात तर एवढंच करा, माझ्याजवळ एक खुर्ची ठेवा. म्हातारी आता रोज येईल असं दिसतंय, आणि माझा ओटा उन्हानं फार तापतो.