अजून दोन परस

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ज्ञानदेव?" गुरुनाथ हातातली पाण्याची नळी वाहती ठेवूनच बोलला आणि माझ्या मेथीत चिखल करून बसला. मेथीचं मी सोसलं असतं. पण तो बोलत होता ज्ञानदेवच्या बारा वर्षांच्या रोशनीबद्दल, आणि ती पोर चार हातांवर गवत उपटत होती.

इकडं परदेशात, मॉरिसव्हिलमध्ये टाउननं भाड्यानं दिलेले हे भाजीचे वाफे. मधला माझा. डावीकडे ज्ञानदेव आणि अंजना, उजवीकडे गुरुनाथ. इथली माती लाल आणि चिवट. पावसात बुटाला धरून बसते, दोन दिवस ऊन लागलं की वीट. गुरुनाथ दुकानातून काळ्या मातीची पोती आणून वर ओततो. ज्ञानदेव औसा तालुक्यातला, तो टिकाव घालतो. एप्रिलचा शनिवार होता. पाइनच्या झाडांच्या परागांची पिवळी धूळ गाड्यांवर, भाजीवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा बसली होती.

भांडण गणिताच्या टीमचं होतं. जूनमध्ये रॅलेला मराठी मंडळांच्या मुलांची स्पर्धा, टीम चौघांची. तीन नावं ठरलेली, त्यात पहिलं गुरुनाथच्या रुचाचं. चौथं तोच ठरवणार, कारण दर शनिवारी लायब्ररीत मुलांना फुकट गणित तोच शिकवतो. फुकट शिकवतो म्हणून त्याच्या तोंडी कुणी लागत नाही, ही आमच्या लोकांची खोड. रोशनीनं वर्षभरात एक शनिवार चुकवला नव्हता. पण तिला वेळ लागतो. एकेक गणित तीन-तीन दिवस घेऊन बसते.

"पर्सनल घेऊ नका यार," गुरुनाथ म्हणाला. "टॅलेंट असतं किंवा नसतं. आमची रुचा घरी पुस्तक उघडत नाही. प्रश्न बघते आणि उत्तर सांगते, बस्स. रोशनीची नुसती ढोरमेहनत. खाण तशी माती, दुसरं काय!"

टिकाव थांबला. ज्ञानदेव एरवी गरीब माणूस, पण त्या क्षणी टिकाव त्याच्या हातात होता आणि मला भीती वाटली. त्यानं तो खाली ठेवला.

"माझा बाप लोकांच्या हिरी खांदायचा, गुरुनाथराव. पाणी न्हाई लागलं की मालक म्हनायचा, सोड, हितं न्हाईच. बाप म्हनायचा, अजून दोन परस जाऊ. दोन माणसं उभी राहत्याल एवढं खाली. न्हाई म्हून उठून जातो तो मालक. खांदनारा जात न्हाई."

"तुमच्या वडिलांनी विहिरी खणल्या म्हणून मी स्पर्धा हरू?"

"बापावर जाऊ नका."

"मी कुठे गेलो? तुम्हीच आणलंत त्यांना मध्ये."

आता अंजना कंबरेला हात लावून पुढं आली. "लेकराच्या तोंडावर बोलताव, लाज वाटती का? तिनं काय तुमचं घोडं मारलं? एक परीक्षा तर घ्या तिची!"

"घेतली ना, काकू. दहा मिनिटांत दहापैकी चार. रिझल्ट समोर आहे."

अंजना त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. त्यानं तिला मुद्दाम काकू म्हटलं, आणि ते तिलाही कळलं.

मला राहवेना. त्याला कारण होतं. संध्याकाळी मी एका शिकवणीच्या क्लासमध्ये पेपर तपासते. त्या क्लासला रुचा आठवड्यातून चार दिवस येते, तीही मागच्या दारानं. गुरुनाथ स्वतः गाडी मागच्या बाजूला लावून तिला सोडतो. त्याची बायको मीनाक्षी मला दोनदा म्हणाली होती, "लता, कुणाला बोलू नकोस हं, प्लीज." आमच्यात हे असंच आहे. पोराला क्लास लावायचा, आणि चारचौघांत म्हणायचं की त्याला उपजतच येतं. घाम दिसला तर जणू अब्रू जाते. मी शब्द दिला होता, पण आता जीभ वळवळायला लागली.

"गुरुनाथ, खरं काय ते मी सांगू का?" मी म्हटलं आणि तेवढ्यात माझं लक्ष रुचाकडं गेलं. ती नळापाशी बाकावर बसली होती, ती उठून उभी राहिली होती.

"डॅड, स्टॉप इट!" ती ओरडली. "आय गो टू क्लास फोर डेज अ वीक! लता मावशी चेक्स माय पेपर्स! मी तिथे रडते पण. आणि तुम्ही सगळ्यांना सांगता, मी काहीच करत नाही!"

गुरुनाथच्या हातातली नळी वाहतच होती.

"एखादं मला पटकन आलं नाही, की मला वाटतं आय ॲम स्टुपिड. मी सोडूनच देते. रोशनी सोडत नाही. आय वॉन्ट हर ऑन द टीम."

गुरुनाथचा चेहरा लालेलाल झाला. "क्लास काय, सगळेच लावतात!"

"मग सांगत का न्हाईत?" अंजना म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा नळ बंद केला. "घाला नाव. हरलो तर माझ्याकडे यायचं नाही." रुचाला दंडाला धरून तो गाडीकडं गेला. खरं सांगायचं तर मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रोशनी मात्र खाली मान घालून गवतच उपटत राहिली.

जूनमध्ये रॅलेला शेवटच्या प्रश्नाला बाकी तिघांनी पेन्सिली ठेवून दिल्या. रोशनीनं तीनदा खोडलं, चौथ्यांदा मांडलं आणि बेल व्हायच्या आत उत्तर काढलं. तेवढ्यावर अकरा टीममध्ये आमची तिसरी आली.

पुढच्या शनिवारी लायब्ररीत समोसे आणले होते. गुरुनाथनं रोशनीला पुढं उभं केलं आणि सगळ्या पालकांसमोर म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ही मुलगी जात्याच हुशार आहे. हे असं शिकवून येत नसतं."

टाळ्या पडल्या. रोशनी म्हणाली, "काका, माझं तीनदा चुकलं होतं," पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला संताप आला. त्यापेक्षा त्याची एप्रिलमधली शिवी परवडली, ती निदान त्याच्या मनातली तरी होती.

मग आजवर अंजनाशी कधी दोन शब्द न बोललेली एक आई तिच्याजवळ आली. "लकी आहात हो! हिला घरी काही करायला लावावंच लागत नसेल ना?"

अंजनाच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोशनीच्या भरलेल्या वह्यांची चळत मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या टेबलाशी अंजना पोरीसोबत जागते, तिला वह्या पुरवते. अंजनानं एकदा त्या बाईकडं बघून घेतलं, एकदा बाकी सगळ्यांकडं. तिचा चेहरा फुलला.

"न्हाई हो," ती म्हणाली, "काय बी न्हाई. आपसूकच येतं तिला."

रोशनी शेजारीच उभी होती. तिनं हातातला समोसा प्लेटमध्ये ठेवला आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राहिली. ज्ञानदेव तिच्यामागं गेला. मला अंजनाचा राग आला आणि कीवही आली, पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती दुसऱ्या एका आईला तेच सांगत होती.