पाण्याला सांगितलेलं स्वप्न

सरजाबाई दारात डाळ पाखडत होती. मला बघून तिचं सूप थांबलं.

"पाटकरी? वाट चुकलाव का?"

"तुमच्याकडंच आलो."

तिने पदर सावरला आणि माझ्या मागे आणखी कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. दोन वर्षांत आमच्या बाजूचं माणूस या वस्तीत फारसं आलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं, तेव्हा इथली सात घरं जळाली. त्यातलं एक सरजाबाईचं. मी जाळायला गेलो नव्हतो. अडवायलाही गेलो नव्हतो. ती परभणीला लेकीकडे राहायला गेली आणि आता नवे पत्रे घालून परत आली होती.

"मनकर्णाबद्दल विचारायचं होतं," मी म्हणालो.

मनकर्णा माझी बायको. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, त्या गडबडीच्या दोन महिने आधी ती गेली.

मी पाथरीजवळच्या कालव्यावर पाटकरी आहे. गेटं उघडायची, बंद करायची, कुणाच्या रानात किती वेळ पाणी जायचं ते बघायचं, एवढंच माझं काम. मनकर्णाचा स्वप्नांवर फार विश्वास होता. तिचे नेम ठरलेले होते. चांगलं स्वप्न पडलं तर कुणाला सांगायचं नाही आणि परत झोपायचं नाही. वाईट पडलं तर उठल्याबरोबर नवऱ्याला सांगायचं. त्याने नाही ऐकलं तर वाहत्या पाण्याला सांगायचं, म्हणजे ते वाहून जातं. कालव्यात गोदावरीचंच, म्हणजे आमच्या गंगेचंच पाणी, म्हणून ती कालव्यालाही गंगाच म्हणायची. मी तिला चिडवायचो, "सरकारी पाणी हाय ते. सपनं न्ह्यायला साहेबाची मंजुरी लागंल."

त्या दिवशी पहाटे ती माझ्या खाटेपाशी येऊन बसली. म्हणाली, "आवो, ऐका की. लय वंगाळ सपान पडलंय."

पाण्याची उन्हाळी पाळी चालू होती आणि मला गेटवर जायला उशीर झाला होता. मी चपला घालत म्हणालो, "तुझ्या गंगंला सांग जा."

गेटवरून मला ती लांबून दिसली. काठावर उकिडवी बसली होती, उजवा हात पाण्यात होता. प्रवाहाच्या खालच्या अंगाला सरजाबाई गोधड्या धूत होती. संध्याकाळी घरी आलो तर भाकरी वाढता वाढता मनकर्णा माझ्या डोक्याकडे बघून हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काई न्हाई, जेवा." मला उगाच राग आला. स्वप्नाचं मी विचारलं नाही आणि तिने काढलं नाही.

चौथ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. जीप मिळाली, पण पाथरीची वेस येण्याआधीच ती माझ्या मांडीवर गेली.

सुतकात असताना दिनकरराव भेटायला आले. गावात पंचांग तेच बघतात. म्हणाले, "पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षभरात फळतं, पहाटेचं दहा दिवसांत. तिला तिचं मरण दिसलं असणार. तुम्ही ऐकून घेतलं असतं तर काहीतरी तोड निघाली असती." ते वाईट मनाने बोलले नाहीत. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं, चहा घेतला आणि गेले. मी मात्र तिथेच राहिलो. तिला मरण दिसलं, ती सांगायला आली आणि मी चपला घालत होतो. दोन वर्षं घास घेताना मला त्या चपला आठवायच्या.

हे सगळं मी सरजाबाईला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही गोधड्या धूत होता त्या पहाटे ती पाण्याला काय म्हणाली, तुम्हाला ऐकू आलं का?"

सरजाबाई एकदम हसली.

"ऐकू आलं का म्हनं! मनकर्णाआक्काला कमी ऐकू यायचं. तिला हळू बोलता येत होतं का? पान्याच्या आधी मलाच कळलं."

"काय म्हणाली?"

"तुमी घोडीवर बसले होते. गुलाबी फेटा, मुंडावळ्या, समदं."

"मी?"

"तुमीच की. आक्का वरडायलीय, 'माय गंगे, आमचं मानूस नवरदेव झालेलं दिसलं, हे वंगाळ सपान तुझ्या पोटात घाल, त्याला काई होऊ देऊ नको.'"

स्वप्नात ज्याचं लग्न दिसतं तो जातो, असं आमच्याकडे धरतात. म्हणजे तिला तिचं काही दिसलं नव्हतं. ती माझ्यासाठी घाबरली होती.

"मी म्हनले, आक्का, सवत आलेली बघून जळायलीस व्हय! नवरी कोन होती ते तर सांग. तर म्हनली, 'मीच होते की. ह्या म्हाताऱ्याला दुसरी कोन करती? केस पांढरे, म्होरला दात पडलेला, अन् अंगावर हिरवा शालू!' मंग काय, आमी दोघी बी हसायलो. माझी गोधडी वाहून चालली होती, तिनंच पान्यात उतरून धरली."

"हसली?"

"लय हसली. जाताना म्हनली, 'आता घरी त्येंच्या डोस्क्याकडं कसं बघू गं, मला फेटाच दिसंल.'"

मी उंबऱ्याजवळ खाली बसलो. मला पोटभर श्वास घेता आला. दोन वर्षांत तो तसा आला नव्हता.

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"कुटं सांगू?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी आलाव का?"

"नाही आलो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिने सूप उचललं, डाळीतले दोन खडे काढून टाकले. मग विचारलं, "च्या ठेवू का? घेताव का?"

"ठेवा."

"आक्का तिथंच बसायची, तुमी बसलाव तिथं. दुपारच्याला यायची. तुमाला ठाऊक नसंल."

मला ठाऊक नव्हतं.

"तिची कपबशी येगळी ठिवली होती मी. निळ्या फुलाची. घरासंगं गेली." आत जाता जाता ती म्हणाली, "साखर कमी हाय बरं का, दाजी."

मी स्टीलच्या पेल्यातून चहा घेतला. दिनकररावांना ही हकिकत सांगितली असती, तर त्यांनी पंचांगातून आणखी काहीतरी काढलं असतं. मी सांगितली नाही.

परवा पहाटे मला जाग आली आणि मी परत झोपलो नाही. कालव्याला पाणी सुटलं होतं. मनकर्णा बसायची त्या जागी जाऊन उकिडवा बसलो, उजवा हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. खालच्या अंगाला सरजाबाई धुणं आपटत होती. तिने मान वर करून विचारलं, "काय दाजी, सपान पडलं का?"

"पडलं."

"वंगाळ?"

"नाही," मी म्हणालो आणि तेवढ्यावरच थांबलो. तिनेही पुढे विचारलं नाही. मी चूळ भरली, हात धोतराला पुसले आणि गेटचं चाक फिरवायला गेलो.