हेलेना लेप्कींचा खुबा

हेलेना लेप्की गेल्याचा फोन आला तेव्हा बाल्डर आणि मी रुग्ण तपासत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, मार्गरेटचा होता. बाल्डर म्हणाले, "फार वाईट झालं," आणि ते मनापासून म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "मार्गरेट, आईने मला काय कबूल केलं होतं ते माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. हेलेनाबाईंनी आपला डावा, बाल्डरनीच बसवलेला कृत्रिम खुबा मेल्यावर बाल्डरना द्यायचं कबूल केलं होतं. सही केली होती, वर हसत म्हणाल्याही होत्या, "मला तिकडे कुठे लागणार आहे तो!"

आमच्या धंद्यात एक विचित्र अडचण आहे. बिघडलेला कृत्रिम सांधा रुग्णाबरोबर परत आमच्याकडेच येतो. तो आम्ही काढतो, कापतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, त्यावर निबंध लिहितो. चांगला चाललेला सांधा मात्र आपल्या माणसाबरोबर मातीत जातो. त्यामुळे वीस वर्षं सुखाने चाललेला खुबा आतून कसा दिसतो, हे कुणालाच धड ठाऊक नसतं.

बाल्डर थोरलाक्सननी तरुणपणी एका इंजिनियरबरोबर या खुब्याची वाटी तयार केली होती. धातूची वाटी, आत प्लास्टिकचं पातळ अस्तर. आयुष्यभर त्यांनी तीच बसवली आणि शनिवार-रविवारचे वर्ग घेऊन कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबा प्रांतातल्या अर्ध्या सर्जनांना ती बसवायला शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आता दोन आठवड्यांनी टोरोंटोला सर्जनांच्या सभेत ते या वाटीचे वीस वर्षांचे निकाल मांडणार होते. आकडे असे होते की भल्याभल्यांना हेवा वाटावा. कमी होती ती एकच गोष्ट, प्रत्यक्ष पुरावा. आणि दर वर्षी आम्ही रुग्णांना जे प्रश्न विचारतो, त्यांत हेलेनाबाईंचे गुण सर्वांत चांगले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या शेतावर गेलो. विनिपेगहून दक्षिणेला दीड तास. मार्च अर्धा सरला होता, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला होता. बाल्डर तळ्याकाठच्या वस्तीतले आइसलँडर. त्या लोकांकडे कुणी वारलं की मोठमोठ्याने रडतात, पितात, रात्रभर आठवणी काढतात. आम्ही मेनोनाइट, साध्या राहणीचे जुन्या वळणाचे ख्रिस्ती, अशा वेळी भांडी घासतो.

दार कॉर्नीने उघडलं. हेलेनाबाईंचा मुलगा, साठीचा, शेती करणारा, दाराएवढाच रुंद. त्याने बाल्डरशी हात मिळवला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. मी नाव सांगितलं, अगाथा टेव्स.

"टेव्स म्हणजे कुठले टेव्स?"

"पीटर टेव्सची मुलगी. धान्याच्या कोठारावर होते ते."

"म्हणजे तुझी आजी विबेंकडची. ये, बस." एवढं झाल्याशिवाय आमच्यात कुणी खुर्ची पुढे करत नाही.

मार्गरेटने कॉफी ओतली. बन, चीज, रूबार्बचा जॅम पुढे आला. कुणी खाल्लं नाही. बाल्डरनी विषय काढताच कॉर्नी म्हणाला, "मला आई अख्खी पुरायची आहे. शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा तिने काय एक पाय शोधत बसायचं?"

"काहीतरीच!" मार्गरेट म्हणाली. "तो खुबा काय देवाने दिला होता? डॉक्टरांचा होता, डॉक्टरांना परत."

"चेष्टा सुचतेय तुला?"

"चेष्टा नाही. आईने शब्द दिलाय, कॉर्नी. तू मोडणार का तो?"

कॉर्नी बराच वेळ टेबलक्लॉथवरचे कण गोळा करत राहिला. मग बाल्डरकडे न बघता म्हणाला, "ते काढलं की पाय लोंबेल."

"नाही. त्या जागी आम्ही लाकडाचा दांडा घालतो. पायाची लांबी होती तेवढीच राहते. कपडे घातल्यावर कळतसुद्धा नाही."

"कसलं लाकूड?"

बाल्डर गडबडले. "मिळेल ते. पाइन असेल बहुधा."

"पाइन!" कॉर्नी उठला. "माझ्या आईला पाइन?" त्याने कोट चढवला आणि मागच्या दाराने निघून गेला. थोड्या वेळाने गोठ्याकडून लाकूड कातायचं लेथ फिरल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही तिघं तो ऐकत बसलो. कॉर्नी परत आला तेव्हा त्याच्या हातात अ‍ॅशच्या लाकडाचा दांडा होता, काचकागदाने घासून गुळगुळीत केलेला. "आईने लावलेलं झाड होतं. वादळात पडलं. हा घाला." मग दांडा माझ्या हातात देत म्हणाला, "आणि शनिवारी दफनाला या दोघं. नुसतं घेऊन पळायचं नाही."

हेलेनाबाईंना रुग्णालयाच्या शवागारात आणलं. पहिला छेद देण्याआधी बाल्डरनी हात बाजूला घेतले, मान खाली घातली आणि त्यांचं नाव घेतलं. मेलेल्या माणसावर काम करताना ते असं नेहमी करतात. मग कामाला लागले. मी समोर उभी राहून स्नायू बाजूला धरले होते. बाल्डर खुशीत होते असं म्हणवत नाही, पण त्यांच्या हातांना उत्सुकता होती. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता दिसणार होतं.

"आता वाटीच्या कडेने छिन्नी घालू," ते म्हणाले. "हाड घट्ट धरून बसलं असेल, तेव्हा सावकाश."

त्यांनी छिन्नी टेकवली आणि वाटी हलली. त्यांनी छिन्नी खाली ठेवली, दोन बोटांनी वाटी धरली, आणि ती हातात आली. काढावी लागलीच नाही.

मागे हाड असायला हवं होतं. तिथे घट्ट पिठल्यासारखा राखाडी लगदा होता. बाल्डरनी अंगठा आत घातला. तो पेरापर्यंत गेला, मग मुळापर्यंत. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं. प्लास्टिकचं अस्तर झिजून त्याची भुकटी झाली होती, ती भुकटी खाता खाता शरीराने आपलंच हाड खाल्लं होतं. हे एका वर्षात होत नाही.

"या वाटीवर त्या चालत होत्या?" मी विचारलं.

"शक्य नाही."

"पण गुण..."

"गुण मला पाठ आहेत, अगाथा."

आमच्याकडे लांबून येणारे रुग्ण फार. दर वर्षी एका एक्स-रे फिल्मसाठी म्हाताऱ्या माणसांना शेकडो किलोमीटर कशाला आणायचं, म्हणून आम्हीच नियम केला होता: फोन करायचा, ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरांचे गुण मांडायचे. गुण घसरले तरच फिल्म. हेलेनाबाईंचे गुण कधी घसरले नाहीत. शेवटच्या काही वर्षांत तर वाढले होते. तो चढता आलेख टोरोंटोच्या भाषणात होता.

बाल्डरनी अ‍ॅशचा दांडा मापात कापून बसवला. वरची कातडी त्यांनी स्वतः शिवली, एखाद्या जिवंत बाईची शिवावी तशी, बारीक टाके घालून. मला जायला सांगितलं होतं, पण मी गेले नाही.

शनिवारी दफन झालं. जमीन अजून गोठलेली होती, यंत्र आणून खड्डा खणला होता. नंतर सगळे चर्चच्या तळघरात जमले. लांब टेबलं, मनुक्यांचा पाव, चीज, कॉफी आणि साखरेच्या वड्या. बाल्डर कॉर्नीच्या समोर बसले. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, आज नको, पुढच्या आठवड्यात विचारा. त्यांनी ऐकलं नाही.

"कॉर्नी, आईला दुखत होतं का?"

"नाही. कधी म्हणाली नाही तसं."

"जिना चढायला काही त्रास नाही, असं तिने आम्हाला दर वर्षी सांगितलं."

"नव्हताच."

"कसा नसेल?"

कॉर्नीने साखरेची वडी कॉफीत बुडवली. "वर जातच नव्हती ती. तिचा पलंग मी कधीच खाली आणून ठेवला. जिना चढायचाच नाही, तर त्रास कसला?"

बाल्डरनी पुढचा प्रश्न विचारला, अगदी फोनवर विचारतात त्या क्रमाने. "मोजे घालताना?"

"मोजे सोडले होते तिने," मार्गरेट म्हणाली. "आत लोकर असलेल्या सपाता घालायची. पाय सरकवला की झालं."

"पंधरा मिनिटं चालल्यावर दुखतं का?"

"पंधरा मिनिटं चालून जाणार कुठे? पलंगापासून टेबलापर्यंत पंधरा मिनिटं लागतात का?" मार्गरेटने कप खाली ठेवला. तिचा चेहरा एकदम ताठ झाला. "डॉक्टर, तुम्ही काय म्हणताय? आमची आई खोटं बोलली?"

"नाही."

"ती जन्मात खोटं बोलली नाही."

"एकही उत्तर खोटं नव्हतं," बाल्डर म्हणाले. "सगळी खरी होती."

मार्गरेट जरा सैलावली. "तुमच्याकडून फोन आला की खुश असायची हो. ती फोनवरची मुलगी प्रत्येक उत्तराला 'छान' म्हणायची. आई म्हणायची, या वयात मला दुसरं कोण छान म्हणतंय!" आणि मग तिला रडू आलं. तिथेच, सगळ्यांसमोर, जे आमच्यात कुणी करत नाही. कॉर्नीने तिच्यापुढे पावाची बशी सरकवली.

मला संताप आला होता. आधी आला तो आमच्या माणसांचा. मरतील, पण तोंडातून ब्र काढणार नाहीत. बाग सुटली, जिना सुटला, चर्चच्या वरच्या गॅलरीतलं गाणं सुटलं, आणि हे आपले 'सगळं ठीक'. पण परतीच्या वाटेवर तो संताप आमच्याकडे वळला. मी स्वतः याच लोकांत वाढले. यांच्यात 'काही त्रास नाही' म्हणजे काय, ते मला समजायला हवं होतं. आणि ते प्रश्न बनवणारे, गुण मोजणारे, त्याचे आलेख काढणारे आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक! बाईने एकेक गोष्ट सोडली, तसतसा तिचा त्रास कमी झाला, आणि आम्ही तिला वरचे गुण दिले.

बाल्डर गाडी चालवत होते. शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाले, "मी हे शिकवलं, अगाथा. किती जणांना शिकवलं!"

मला त्यांना धीर द्यायचा होता. त्या माणसाने मला हातोडा कसा धरायचा इथपासून सगळं दिलं होतं. पण मी विचारलं ते एवढंच, "सभेचं काय?"

"जाणार. आकडे काढून टाकतो. वाटी दाखवतो आणि अंगठा कुठपर्यंत गेला ते सांगतो." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "पण आधी जे जिवंत आहेत ते."

सोमवारी सकाळी ते त्यांच्या खोलीत फोन घेऊन बसले. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला त्यांनी दुसरं काम दिलं. मला वाटलं, कमी गुणांच्या रुग्णांपासून सुरुवात करतील. ते म्हणाले, "नाही. सर्वांत चांगल्यांपासून."

पहिला नंबर ओरेस्ट बोयचुकचा होता. उत्तरेकडच्या गावातला निवृत्त पोस्टमन, लग्नाकार्यात अजूनही नाचतो अशी त्याची ख्याती. फोन त्याने लगेच उचलला. स्पीकर चालू होता, आवाज खोलीभर घुमला.

"बाल्डर! तू अजून जिवंत आहेस?"

"आहे अजून. खुबा कसा आहे, ओरेस्ट?"

"घोड्यासारखा! तुझ्या पोरीला मागच्या महिन्यात सांगितलं की सगळं. शंभरपैकी शंभर दिले तिने."

"झोपतोस कुठे?"

ओरेस्ट खो खो हसला. "हा काय प्रश्न झाला? बायको ऐकतेय इथे."

"मी गंमत करत नाही. कुठे झोपतोस?"

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी त्याचा आवाज कमी केला.

"खाली," ओरेस्ट म्हणाला. "पुढच्या खोलीत. आरामखुर्चीत बरं पडतं मला."

"कधीपासून?"

"असेल, बरेच दिवस झाले." मग त्याचा आवाज बदलला, चूक झालेल्या माणसासारखा झाला. "का रे? ते सांगायचं होतं का?"

बाल्डरनी चष्मा काढला आणि तळहात डोळ्यांवर दाबून धरले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी फोन माझ्याकडे ओढला.

"बोयचुककाका, मी डॉक्टर टेव्स. आजपासून काठी घ्या आणि एकट्याने आंघोळीला जाऊ नका. उद्या मुलाला घेऊन इकडे या. खुब्याची फिल्म काढू."

"उद्या? बर्फ पडणार आहे उद्या. एवढी कसली घाई?" ओरेस्ट म्हणाला. "पोरी, मला काहीच त्रास नाही गं."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तरी या."