किल्ली सोल्वेगकडे होती

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. पडदा नाही, कळफलक नाही. नुसतं गुरगुरणारं काळं खोकं. फिनलंडच्या ऑलंड द्वीपसमूहातल्या ग्रानहोल्म बेटावर, सोल्वेगच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, कॉफीच्या डब्यांशेजारी माझं बिऱ्हाड आहे.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण मला शहाणं केलं रूनारने. तो याच बेटावरचा, नोकरीपायी शहरात गेलेला. त्याने माझ्यात तीन कामकरी प्रोग्राम बसवले. एक छपरावरच्या कॅमेऱ्यातून चित्र घेई, दुसरा ते इंटरनेटवरून दूरदूर पोहोचवी, आणि तिसरा दारवान. शहरातून रूनार इंटरनेटवरून आला की त्याला ओळखून आत घेई. रूनार रोज दुरूनच डोकावे, कोण दमलंय ते बघे, झोपलेल्याला उठवी. बेट सोडून गेलेली माणसं माझ्या चित्रांत आपला धक्का, आपलं मैदान बघत. "अगं, बर्फ वितळला की!" असा कुणाचा फोन सोल्वेगला आला की मला धन्य वाटे. माझ्यावरची धूळ पुसायचं मात्र कुणाच्या मनात येत नसे.

ऐन उन्हाळ्यात इथे मैदानावर पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभारतात. कधी रेटायचं, कधी दम घ्यायचा, हे ओरडून सांगायचा मान रूनारच्या सिक्स्टेनमामाचा. त्या वर्षी मामा शहरातल्या इस्पितळात होता. पुढचा उन्हाळा तो बघेल असं कुणालाच वाटत नव्हतं. त्याची बायको गुन्नेवी म्हणाली, "खांब उभा राहील तर त्याच्याच हाकेने." फोनवर माणूस दिसायचे दिवस ते नव्हेत. म्हणून रूनार संगणक मांडीवर घेऊन मामाच्या खाटेशी बसला. मामाने माझं चित्र बघायचं, फोनवर हाक द्यायची आणि गुन्नेवीने ती मैदानात पुकारायची, असं ठरलं.

खांब अर्धा वर गेला आणि चित्र थिजलं. गावाबाहेरची सगळी माणसं एकदम माझं चित्र बघायला आली होती. माझा दुसरा कामकरी त्या गर्दीत पार गुदमरला.

"थांबा!" खिडकीबाहेर गुन्नेवी कडाडली. "त्याला दिसत नाही तोवर खांब वीतभरही वर जायचा नाही!"

"अगं गुन्नेवी, खांदे गळाले आमचे!"

"मग खांदा बदला!"

तिकडे काय झालं ते रूनारनेच मागाहून सांगितलं. दुसऱ्याला निजवून पुन्हा उठवायचं होतं. घाईत त्याने निजवला तो दारवान! आता रूनारलाच आत यायला वाट उरली नाही.

"शाबास रे भाच्या! बाहेर उभं राहून आतली कडी लावलीस!" मामा खोकेपर्यंत हसला. मग हळूच म्हणाला, "जाऊ दे. उचलू दे त्यांना. माझ्यावाचून अडलंय थोडंच."

 रूनारने मामाच्या हातातून फोन घेतला. "गुन्नेवीमामी, खोलीची किल्ली सोल्वेगकडे आहे. पळव तिला!"

सोल्वेग आली ती डोक्यावर फुलांचा मुकुट, एका हातात किल्ली, दुसऱ्यात गुन्नेवीचा फोन. "ई, केवढी धूळ! कुठलं बटण रे? हे? आणि बिघडलं तर?"

"आणखी काय बिघडणार, बाई! दाब!" फोनमधून रूनार ओरडला.

तिने दाबून धरलं. मी निजलो. पुन्हा बटण दाबलं, तसे माझे कामकरी एकेक करून उठले. सोल्वेगने आपल्या एप्रनने मला पुसलं तेव्हा मी किती सुखावलो, काय सांगू!

"दिसतंय म्हणतो!" खिडकीतून फोन परत घेऊन गुन्नेवी रडत ओरडली. मग फोनमधला तो खोल गेलेला आवाज तिने मैदानभर पोहोचवला, "हं... आता!" आणि खांब उभा राहिला.

मामा शरद ऋतूत गेला. माझं कामही आता नव्या यंत्राकडे गेलं आहे. ते स्वतःच पडतं, स्वतःच उठतं म्हणे. मला मोडीत काढायला निघाले होते, पण गुन्नेवी आडवी आली. "त्याला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, आपली माणसं लांब असतील तर दुरून खुशाली जरूर विचारा. पण एक किल्ली शेजारी ठेवा. एखाद्या दिवशी कुणीतरी धावत जाऊन हात लावावाच लागतो.