काट्याचा चिमटा आणि पापणीचा केस

मित्रांनो, एका पत्राला पाच महिने उत्तर गेले नाही. तेर गावातल्या एका घरात ते पत्र तारेत ओवून माझ्याच खिळ्याला लटकत होते. दारातून समोरची लाल टपालपेटी दिसे. दोष थोडा माझाही आहे, असे मला अजून वाटते.

मी पायातला काटा काढायचा एक जुना चिमटा आहे. या घरच्या गुंडाप्पांच्या वडिलांच्या करदोट्याला मी असे, कारण मेंढरांमागे फिरताना बाभळीचा काटा रोजचाच. माझे कौतुक होई. गुंडाप्पा मात्र वाचनालयात नोकरीला लागले आणि मी खिळ्यावर गंजत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, सिताबाईंना, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. रोज एक गोळी सुरू झाली. खोकला कमी झाला, त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या. मग त्यांच्या पापण्या लांब वाढून वळल्या. शेजारच्या पुतळाबाईंनी विचारले, "काजळ कुठलं घालतीस गं?"

"गोळी खा, तुझ्याबी व्हतील."

पण केस आत वळून बुबुळाला टोचू लागले. गुंडाप्पा मला घेऊन ते उपटू लागले. आपण पुन्हा कामाला आलो, याचा मला आनंद झाला. आता त्याची लाज वाटते.

गुंडाप्पा फोनवर बोलायला बुजतात, म्हणून सोलापूरच्या दवाखान्यातल्या शरणम्मा सिस्टरांनी पत्र लिहिले : डोळ्यांना काही त्रास असल्यास लगेच कळवा. कळवले तर गोळी बंद करतील, या भीतीने गुंडाप्पांनी ते तारेत ओवले. सिताबाईंना वाचता येत नाही. त्यांना काहीच सांगितले नाही.

डोळा लाल राहू लागला. उजेड सोसेना, धूसर दिसू लागले. परवा गुंडाप्पांचा नेम चुकला आणि मी पापणीलाच चावलो. रक्त आले. सिताबाईंनी मला हिसकून खिळ्याला अडकवले. हाताला कागद लागला. तो कशाचा, असे त्यांनी विचारले, तेव्हा गुंडाप्पांनी सगळे सांगितले.

त्यांनी पत्र तारेतून काढून गुंडाप्पांपुढे ठेवले. मग म्हणाल्या, "भ्या मलाबी वाटतंय. पन डोळा माजा हाय. मला इचारायचं तरी. आता लिवा, मी सांगते."

माझ्याने केस उपटत होते, तेही त्यांनी लिहायला लावले. सोमवारी दवाखान्यात येतो, असेही लिहिले.

मित्रांनो, मी काट्यासाठी घडलो, डोळ्यासाठी नाही. औषध चालू असताना डोळ्याला काही झाले, तर मला शोधू नका. औषध देणाऱ्यांना सांगा. गोळीचे पुढे काय होईल, मला ठाऊक नाही.

आज दोघे समोरच्या पेटीपाशी गेले. सिताबाईंना फट दिसेना. गुंडाप्पांनी त्यांचा हात तिथवर नेला. पाकीट सोडले त्यांनीच.