हनुवटी थोडी खाली

बेबीताई गेल्याचं कळलं तेव्हा विठ्ठलराव एका मुलीचा पासपोर्ट फोटो काढत होते. नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख होती आणि मुलगी घाईत होती. नेरच्या त्या दुकानात एकतीस वर्षं प्रत्येकाला सांगितलं तेच विठ्ठलराव तिलाही सांगत होते, हनुवटी थोडी खाली, नजर माझ्याकडे. तेवढ्यात फोन वाजला. राळेगावहून मेहुणा प्रफुल्ल बोलत होता. बेबीताई म्हणजे त्यांची बायको, चार दिवसांसाठी तिथं माहेरी गेल्या होत्या.

"भाऊजी, दुकानात हाय का?"

"हाव."

"कोणी हाय का जवळ?"

"गिऱ्हाईक हाय. बोल ना."

प्रफुल्लच्या मागून बायकांचं रडणं ऐकू आलं, आणि त्यानं काही सांगायची गरज उरली नाही.

"कवा?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"आत्ताच. चहा घेतला, म्हणे छातीत कसंतरीच होऊन राह्यलं. दवाखान्याच्या पायरीपर्यंतबी नाही पोचलो आमी."

फोन ठेवून त्यांनी फोटो काढला. आठ प्रती छापल्या, कापल्या, पाकिटात घातल्या. "काका, चांगला आला," असं म्हणून मुलगी गेली, तेव्हा त्यांनी शटर ओढलं. पुढं बरेच दिवस त्यांना एका गोष्टीची लाज वाटत राहिली. आठही फोटो सरळ कापले गेले होते. हात जरासुद्धा हलला नव्हता.

यवतमाळला बस बदलून ते राळेगावला पोचले, तोवर नागपूरहून निकिता येऊन बसली होती.

निकिता त्यांचं एकुलतं एक लेकरू. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, घरात सगळे बंटी म्हणत. सात वर्षांपूर्वी तिनं आईबापाला समोर बसवून सांगितलं की मी मुलगी आहे, पहिल्यापासून आहे. मग ती नागपूरला गेली, निकिता नावानं राहू लागली, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायच्या कामाला लागली. बेबीताई पंधरा दिवस रडल्या आणि सोळाव्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी साडी घेतली. विठ्ठलराव रडले नाहीत, आणि त्यांनी काही घेतलंही नाही. ते एवढंच म्हणाले, "दुकानात लोकं येतात. तू येशीन त मागच्या दारानं येत जाजो." दोनदा ती मागच्या दारानं आली. मग यायची थांबली. बेबीताईच महिन्यातून एकदा डबा घेऊन नागपूरला जायच्या.

राळेगावच्या अंगणात बेबीताईंची म्हातारी चुलती सुखीबाई बसली होती. तिला नीट दिसत नाही. तिनं निकिताला जवळ ओढलं, दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला आणि हनुवटी धरून म्हणाली, "बेबीच हाय वं माय. हे थोबाड दुसऱ्या कोणाचं नाही."

खोटं नव्हतं ते. बेबीताईंचा जबडा रुंद होता, कानाखाली चौकोनी वळलेला. लहानपणी भाऊ त्यांना पहेलवान म्हणत. तोच जबडा निकिताला आला होता. कपाळ मात्र तिला बापाचं आलं होतं, भुवयांवर हाड पुढं आलेलं.

अग्नी विठ्ठलरावांनी दिला. मान लेकराचा, मग निकिताचा की नाही, यावर कोणी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी तेवढी मेहेरबानी सगळ्यांनी केली.

नेरला परत आल्यावर निकिता तेरवीपर्यंत राहिली. दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं घर. दोघं जेवायला समोरासमोर बसत आणि भाजीत मीठ बरोबर आहे का यापलीकडे बोलत नसत. मध्ये बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडं पोचवणारी बाई उठून गेली होती.

नवव्या दिवशी विठ्ठलराव तेरवीचा फोटो करायला बसले. फोटोग्राफरच्या बायकोचे फोटो खूप असतील असं लोकांना वाटतं. तसं नसतं. लग्नाच्या ऑर्डरीत बेबीताई नवऱ्याबरोबर जायच्या आणि लाइट धरून उभ्या राहायच्या. लाइट धरणारं माणूस फोटोत येत नाही. एकटीचा, समोरून काढलेला, मोठा करता येईल असा एकच फोटो होता, तीन वर्षांपूर्वी नवा कॅमेरा तपासताना काढलेला. तो काढला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जबडा जरा बारीक करा ना माहा. लोकायच्या पोरीयचा करता." विठ्ठलराव हसले होते आणि काहीच केलं नव्हतं.

आता ते कॉम्प्युटरपुढं बसले आणि हात आपला आपण चालला. डोळ्यांखालचं काळं गेलं, गालावरचा वांग गेला, रंग थोडा उजळला, आणि कानाखालची दोन्ही टोकं आत ओढली गेली. लग्नाच्या मुलींच्या फोटोंना हेच करायचं असतं. कोणी सांगत नाही, न सांगता करायचं असतं. त्यांनी ते सेव्ह केलं, प्रिंट काढली, टेबलावर वाळत ठेवली.

निकिता चहा घेऊन आली. प्रिंटकडं पाहत उभी राहिली.

"हे कोण हाय, बाबा?"

"तुही आई."

"नाही," ती म्हणाली. दाढ दुखत असल्यासारखा तिनं आपल्या जबड्यावर तळवा ठेवला.

तेव्हा विठ्ठलरावांनी नीट पाहिलं. चेहरा देखणा होता. लग्नाच्या अल्बममधल्या कोणत्याही पोरीच्या आईचा असावा तसा. त्यांनी मूळ फोटो शोधला. तो नव्हता. लोकांच्या फाइली दोन-दोन ठिकाणी जपणाऱ्या माणसानं बायकोचा फोटो एकाच ठिकाणी ठेवला होता आणि त्याच्यावरच नवा सेव्ह केला होता. कॅमेऱ्यातलं कार्ड कधीच पुसून झालं होतं. आधार कार्डावरच्या फोटोत कोणीच ओळखू येत नाही. बाकीच्या फोटोंत बेबीताई होत्या त्या चाळीस बायकांच्या घोळक्यात, मागच्या रांगेत, नखाएवढ्या.

तेरवीला तोच फोटो हार घालून ठेवला. किती साजरा आला, असं ज्यानं त्यानं म्हटलं. शंभर माणसं जेवून गेली, पण ही बेबी नाही असं एकानंही म्हटलं नाही. विठ्ठलराव फोटोशेजारी पाहुण्यासारखे बसून होते. संध्याकाळी शेवटची गाडी निघाली तेव्हा त्यांनी फ्रेम उतरवली, फोटो काढून कपाटात पालथा ठेवला आणि रिकामी फ्रेम पुसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. निकिताची नागपूरची बस दुपारची होती. सकाळी ती घर आणि दुकान यांच्या मधला पडदा सारून दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"बाबा, एक फोटो दाखवाचा होता. आई सांगणार होती तुमाले. राळेगावहून आली की सांगीन म्हणे."

तिनं मोबाइल पुढं केला. स्क्रीनवर दोन चेहरे होते. एक तिचा आणि एक तिच्यासारखा.

"पुण्याच्या डॉक्टरनं कॉम्प्युटरवर करून देल्ला. ऑपरेशन झाल्यावर साधारण असं दिसन. कपाळाचं हाड घासून मागं घेतात. जबड्याचे कोपरे कापतात. तारीख भेटली हाय, पुढच्या महिन्यातली. कपाळाचं पक्कं झालं. जबडा करू का नको, ते वीस तारखेपर्यंत कळवाचं हाय."

विठ्ठलरावांनी चष्मा लावला. दुसऱ्या चेहऱ्यात त्यांचं कपाळ नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण कानाखाली जिथं बेबी होती तिथं काहीच नव्हतं.

"हे कायले पायजे?" ते म्हणाले. आवाज चढला तसा त्यांनीच तो खाली घेतला. "दुखन का नाही? हाड कापाचं म्हणजे."

"दुखन. महिनाभर सूज राहीन. पातळ खा लागते."

"मंग?"

"लॅबमधे माह्यं सारं काम मास्क लावून. मास्क आहे तोवर पेशंट ताई म्हणतात. ताई, हळू टोचा. ताई, झालं का. चहासाठी मास्क खाली केला की त्यायचे डोळे बदलतात. बोलत काहीच नाहीत, हात मागं घेतात. दिवसातून कितीकदा, बाबा. चहा सोडला मी."

विठ्ठलरावांना हे ठाऊक नव्हतं. बेबीताईंना ठाऊक असणार.

"तो जबडा तुह्या आईचा हाय," ते म्हणाले.

"माहित हाय."

"तेवढाच राह्यला हाय तिचा."

"तुमी त फोटोतून काढून टाकला."

ती टोमणा मारून बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. विठ्ठलरावांनी चष्मा काढून पुसला.

"चुकून झालं."

"माहित हाय. आई काय म्हणे, सांगू? मी तिले हाच फोटो दाखवला. लय वेळ पाह्यत राह्यली. मंग म्हणे, मले कोणी विचारलं असतं त मीबी करून घेतलं असतं."

विठ्ठलरावांना हसू आलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. ते बेबीचंच वाक्य होतं, त्यात तिळभरही बदल केलेला नव्हता. हसू ओसरल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं की ज्या जबड्यासाठी आपण भांडायला निघालो, तो बेबीला कधी नकोच होता. हवा होता तो त्यांना एकट्याला.

"मी करू का नको, असं नाही विचारत," निकिता म्हणाली. "तुमी इतके वर्षं चेहरे पाह्यले. हा चेहरा तुमाले खरा वाटते का, एवढं सांगा."

त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारातून अब्दुल गनी आत आला. शेजारच्या मोटरसायकल गॅरेजचा मालक, वीस वर्षांचा शेजार.

"विठ्ठलराव, लायसनले फोटो पायजे. जरा जवान करा मले."

"तुमचा आहे तोच चेहरा येईन, गनीभाई."

"मंग राहू द्या. तो त घरी आरशात फुकट दिसते."

बोलता बोलता त्याची नजर स्टुलाकडं गेली. निकितानं सवयीनं ओढणी तोंडापर्यंत नेली आणि मधल्या पडद्याकडं वळायला उठली. त्या पडद्यामागून घर, आणि घराचं मागचं दार. ते दार तिला कोणी दाखवलं होतं ते विठ्ठलरावांना आठवलं.

"बस," ते तिला म्हणाले. मग गनीभाईकडं वळले. "माही पोरगी. निकिता. नागपूरले राह्यते."

अब्दुल गनीनं दोघांकडं पाहिलं. बंटीची पहिली सायकल त्यानंच दुरुस्त केली होती. विसरणारा माणूस नव्हता तो.

"अम्मीसारखी दिसते बेटी," तो म्हणाला. "माहा फोटो दुपारी काढू. आत्ता हातालेबी ऑइल लागलं हाय." आणि तो गेला. त्याचे हात स्वच्छ होते.

विठ्ठलरावांनी दोन्ही लाइट लावले आणि मागचा पांढरा पडदा सरळ केला.

"जायच्या आधी तुहा एक फोटो काढू दे. आईचा फोटो नीट करा लागते. जबडा कोठून आणू दुसरा?"

निकितानं ओढणी मागं टाकली आणि ताठ बसली. विठ्ठलराव कॅमेऱ्यामागं गेले. भिंगातून पाहिलं तेव्हा त्यांना दोन्ही दिसलं. वर स्वतःचं कपाळ, खाली बेबी, आणि मध्ये दोघांचंही नसलेलं असं एक माणूस, थकलेल्या डोळ्यांचं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं.

"हनुवटी थोडी खाली," ते म्हणाले. "हं. माह्याकडं पाह्य."

समोरून काढला, दोन्ही बाजूंनी काढला. काढून झाल्यावर ते दोन ठिकाणी ठेवले, आणि दोन्ही ठिकाणी उघडतात की नाही ते पाहिलं.

"मघा विचारलं ते," ते म्हणाले. "नवं कपाळ खरं वाटते. जुनं जाऊ दे, माह्यं हाय. जबड्याचं मले इचारू नको. तिथं मले तू दिसतच नाही, बेबी दिसते. माहा डोळा तिथं कामाचा नाही. तुह्या मनानं कर."

"सोबत एक माणूस लागते दवाखान्यात. आई येणार होती."

"मी येतो."

"जबडाबी केला त?"

विठ्ठलरावांनी दोन्ही लाइट बंद केले. "तरीबी," ते म्हणाले.

दुपारी निकिता दुकानातून निघाली, पुढच्या दारानं. विठ्ठलराव तिची बॅग घेऊन स्टँडपर्यंत गेले. बस लागल्यावर ती म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला तुमचा. तपासून घ्या." ते हो म्हणाले. परत आल्यावर त्यांनी एकट्यापुरता भात लावला. किती तांदूळ लागतात ते त्यांना माहीत नव्हतं. भात उरला.

आज अठरा तारीख आहे. निकितानं जबड्याचं डॉक्टरला कळवलेलं नाही. विठ्ठलराव तिचा फोटो रोज कॉम्प्युटरवर उघडतात, त्यातला जबडा बेबीच्या फोटोत मापात बसतो, रंगही जुळेल. पण बेबीनं बारीक करा म्हटलं होतं ते ऐकायचं की सुखीबाईच्या हातांनी ओळखलं ते ठेवायचं, हे विठ्ठलरावांना ठरवता येत नाही. पुसलेली फ्रेम टेबलावर आहे. भिंतीवर खिळा ठोकला आहे. फोटो लावायचा राहिला आहे.